बघण्यासारखं काय आहे तिथं?

पुण्यात बसून मी आमच्या मुलखाची जी बढाई वर्षानुवर्षं मारत आले, ती गेल्या फेब्रुवारीत दोन दिवसांत पार धुळीला मिळाली. पाहुणे मात्र खूश होऊन परत गेले. माझी खरी चिडचिड त्यावरच आहे.

ऑफिसात कुणी केरळला जाऊन आलं, कुणी हिमाचलला, की डबा खाताना फोटो फिरायचे. चहाचे मळे, बर्फ, हाउसबोटी. मी फोटो बघायची, छान आहेत म्हणायची, आणि मग न राहवून बोलायची, "एवढ्या लांब कशाला जाता? आमच्या बारामती-इंदापूरकडे या की एकदा." लोक हसायचे. तिकडे काय बघायचं, ऊस? मग माझी गाडी सुरू व्हायची. भिगवणला या, थंडीत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, सगळं पाणी गुलाबी होतं. लोणी भापकरला या, तिथली दगडी पुष्करणी बघा, कोनाड्यांची, कोरीव मंडपाची. नीरा-नरसिंहपूरचा संगम बघा. आणि लोणीच्या पुढं तो माळ.

"माळावर काय आहे?" असं कुणी विचारलं की मात्र मी अडखळायची. "काही नाही," मी म्हणायची. "गवत आहे. पण बघा एकदा."

आमचे लोक मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी वर परतायचं, असं त्यांचं वर्ष. श्रावण सरला की लोणीच्या माळावर गवत गुडघ्याला लागायचं आणि आम्ही तिथं उतरायचो. सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. खाली घोंगड्या, त्यावर भांडी, पिठाची पिशवी, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं एखादं कोकरू आणि या सगळ्यांच्या मधे मी. घोडी चालायला लागली की कोंबड्या कुरकुरायच्या, भांडी वाजायची, कोकरू माझ्या मांडीवर गरम गरम मुतायचं. आई लगाम धरून पुढं चालायची आणि मागं न बघता विचारायची, "झोपलीस का गं?" झोपले तर पडेन, म्हणून ती सारखं विचारायची. मी झोपेतच "न्हाय" म्हणायची.

भिजलेल्या लोकरीला एक वास असतो. चांगला म्हणवत नाही, पण आजही पावसाळ्यात कुणाचा ओला स्वेटर जवळून गेला तर मी मान वळवून बघते. संध्याकाळी वडील मेंढरांभोवती सुताची जाळी उभी करायचे. तिला आम्ही वाघर म्हणायचो. मेंढरं आत गेली की त्यांचा श्वास ऐकू यायचा, एक-दोन मेंढरांचा नव्हे, सगळ्या कळपाचा मिळून एकच. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायचं. कुत्री अंधाराकडे तोंड करून बसायची. गवताची कुसळं परकराला चिकटायची आणि आई चुलीच्या उजेडात एकेक उपसून जाळात टाकायची. त्याचा चट्चट् आवाज यायचा. लांब कुठंतरी टिटवी ओरडली की वडील बोलता बोलता थांबायचे. तेवढंच. याला स्थळ म्हणत नाहीत, हे मला कळतं. पण पुण्यात डबा खाताना माझ्या डोळ्यांपुढं तेच असायचं आणि तोंडात फ्लेमिंगो.

मग एक वर्ष असं आलं की मेंढरं नव्हती. सणसरला कालव्याखाली जमीन होती, पत्र्याचं घर होतं, ऊस होता आणि माझ्या खांद्याला शाळेचं दप्तर होतं. मेंढरं का विकली ते मला कुणी सांगितलं नाही. घोडी कुठं गेली तेही नाही.

तर माधुरी. माझ्याबरोबर नोकरीला लागली, माझ्याबरोबर निवृत्त झाली. इतरांनी माझं बोलणं कधी मनावर घेतलं नाही, तिनं घेतलं. फेब्रुवारीत तिचा फोन आला, "आम्ही दोघं येतोय. तू म्हणतेस ते सगळं दाखव." सोबत तिचा नवरा श्रीकांत आणि त्याचा हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. मी दोन दिवस आधी सणसरला माहेरी गेले. घरी आई असते आणि धाकटा भाऊ सोपान. कारखान्याचं गाळप सुरू होतं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा आंबूस-गोड वास, दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख. पाहुणे येणार म्हणून मी अंगण दोनदा झाडलं. राख पुन्हा पडली.

"आक्का," सोपान म्हणाला, "बघायला लोकं महाबळेश्वरला जात्यात. हितं त्यास्नी तू काय दावणार?"

"तू गप."

"न्हाय, मला बी सांग. मी बी बघून घेतो."

पहिल्या दिवशी भिगवण. पाणी होतं, पक्षी होते. पण ते लांब, पलीकडच्या उथळ कडेला, एक फिकट रेघ ओढल्यासारखे. आम्ही नावेत बसलो. मी श्रीकांतला सांगितलं, "दुर्बिणीतून बघा, माना पाण्यात घालून कसे चालतात ते. एका लयीत." त्यानं दुर्बीण लावली, बघितलं, म्हणाला, "उडाले की पंखांचा रंग दिसतो ना? ते मिळालं पाहिजे."

नाववाला लगेच म्हणाला, "उडवतो की साहेब."

"उडवू नका," मी म्हणाले. "खाऊ द्या त्यांना."

"मॅडम, त्यास्नी सवय हाय."

आणि त्यानं इंजिन वाढवलं. नाव सरळ त्या रेघेत घुसली. रेघ उचलली गेली. काळ्या किनारीचे लाल पंख एकदम उघडले, शेकड्यांनी, आणि आमच्या डोक्यावरून वळण घेऊन गेले. माधुरी चक्क ओरडली. श्रीकांतचा कॅमेरा थांबेना. ते दृश्य सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. म्हणूनच मला जास्त राग आला. पक्षी दुसऱ्या काठाला उतरले, तर तिकडून दुसरी नाव त्यांच्याकडे निघालेली दिसली.

"तू सांगितलंस त्याहून भारी आहे," माधुरी म्हणाली. मी पाण्याकडे तोंड करून बसले.

दुपारी लोणी भापकर. ही जागा मला दगा देणार नाही, याची खात्री होती. पुष्करणी दगडाची, ती कुठं जाणार? लहानपणी आईबरोबर मी तिथं यायची. मेंढरं लांब वडिलांकडे असायची आणि आम्ही दोघी पायऱ्यांवर. उन्हातून आलं की दगड वरून तापलेला, आणि खाली उतरावं तसा गार गार होत जायचा. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून आई पाय पाण्यात सोडायची आणि काही बोलायची नाही. दिवसभरात तिचं न बोलणं तेवढंच. मी एकेका कोनाड्यात डोकं घालून "ओ" म्हणायची आणि कोनाडा मला "ओ" द्यायचा.

तसं काहीतरी मी माधुरीला सांगत होते. आम्ही कडेला पोचलो आणि खालून कुणीतरी हात हलवत ओरडलं, "काकू, थोडं मागं! फ्रेममध्ये येताय!"

पायऱ्यांवर एक मुलगी जांभळा, लांबलचक मागं पसरलेला झगा घालून उभी होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला काळा सूट. लग्नाआधीचं शूटिंग. एक माणूस पंख्यानं तिचे केस उडवत होता, दुसरा रंगीत धूर सोडायची नळी पेटवायच्या खटपटीत. आम्ही मागं सरलो. पुन्हा मागं सरलो. शेवटी झाडाखाली जाऊन उभं राहिलो. श्रीकांतला कंटाळा आला नाही. त्यानं त्या दोघांचेही फोटो काढले. माधुरी म्हणाली, "किती छान कल्पना ना? आपल्या वेळी असलं काही नव्हतं."

ते गेल्यावर आम्ही खाली उतरलो. हिरवट धूर अजून पाण्यावर तरंगत होता. मला एका कोनाड्यात "ओ" म्हणायचं होतं. पाहुण्यांसमोर लाज वाटली. "झालं बघून?" श्रीकांतनं विचारलं. "झालं," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आई पाहुण्यांना आग्रह करत होती. तिचं वय आता ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, पण चुलीपुढून तिला कुणी उठवू शकत नाही. माधुरीनं तिला विचारलं, "मावशी, उद्या माळावर येणार का आमच्याबरोबर?"

"माळावर? तितं काय बघायचं हाय?"

"ही म्हणते, तिथं हिचा जन्म झाला."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी हे पाहुण्यांना सांगितलंय, हे तिला आवडलं की नाही, कळलं नाही. मी तिला लहानपणापासून विचारत आले होते, मी नेमकी कुठं जन्मले गं? आणि ती हातानं एक अर्धवर्तुळ काढून सांगायची, "माळावर." तेवढंच. मी माळावर एकटी दोनदा जाऊनही आले होते. कुठं बघायचं तेच माहीत नसल्यावर काय सापडणार? उद्याचा पाहुण्यांचा फेरफटका हे निमित्त होतं. मला आईला तिथं न्यायचं होतं, तिचे पाय चालतायत तोवर.

"येते," आई म्हणाली. "लई दीस झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत ती पुढं बसली, श्रीकांतशेजारी. बारामती मागं पडली, ऊस विरळ झाला, बाभळी आल्या, आणि मी आजवर कधी ऐकलं नव्हतं ते तिनं त्या परक्या माणसाला सांगायला सुरुवात केली.

"दुपारच्या टायमाला पोटात दुखाया लागलं. हिचा बा मेंढरं घिऊन पार पल्याड. माझ्यासंगं धोंडाबाई हुती, आमच्यातलीच. तिनं दोन काठ्या रवल्या आन् घोंगडं आडवं लावलं. तितं एक पांढुरका खडक हुता, ह्यो एवढा, आन् त्याला वर वाटीवानी खळगा. पावसाचं पाणी साचल्यालं. त्याच पाण्यानं हिला धुतली."

"मग?" माधुरीचा आवाज ओला झाला होता.

"मग काय? सांच्याला मेंढरं आली. दुसऱ्या दिशी माळ बदलला. मला घोडीवर बशिवलं, ही माझ्या वट्यात."

"किती रोमँटिक!" माधुरी म्हणाली.

"म्हंजी काय?" आईनं मागं वळून मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. खडक. म्हणजे खूण होती. एवढी वर्षं हिनं मला हातवाऱ्यांवर ठेवलं, आणि खूण होती.

"मला कधी सांगितलं नाहीस हे."

"तू कवा नीट इचारलंस?" आई म्हणाली.

लोणी ओलांडून गाडी वळली आणि रस्ता एका कमानीपाशी संपला. मी दोनदा आले होते तेव्हा ही कमान नव्हती. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, लांब टेकाडापर्यंत गेलेलं. कमानीवर मोठा फलक, त्यावर हिरवळ, त्यावर बंगला आणि बंगल्यापुढं हरीण. हरणाच्या डोक्यावर झाडासारखी फुटलेली शिंगं. आमच्या माळावरचं हरीण बारकं, लालसर, सरळ दोन शिंगांचं. ते दिसायच्या आधी पळालेलं असायचं. फलकावरचं हरीण कुठल्या बर्फातलं होतं कोण जाणे.

वॉचमन उठून आला. मी सांगितलं, जरा आत जाऊन यायचंय. तो म्हणाला, साइट व्हिजिट असेल तर नाव लिहा, नाहीतर आत सोडत नाही.

आई काच खाली करून म्हणाली, "आरं बाबा, माझं बाळंतपण झालंय हितं."

वॉचमननं गाडीत वाकून आमच्याकडे बघितलं. "बुकिंग झालंय का, आजी?"

मी दार उघडून उतरणार, तेवढ्यात श्रीकांत अगदी सहज म्हणाला, "हो, प्लॉट बघायला आलोय." आणि कमान उघडली.

आतला विक्रीचा माणूस तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बुटांवर धूळ. त्यानं आधी सगळ्यांना पाणी दिलं. मग नकाशा पसरला आणि बोलू लागला. "वीकेंडसाठी परफेक्ट आहे, सर. इथून अभयारण्य जवळ, हरणं दिसतात. एका दिवसात भिगवण होतं. थंडीत फ्लेमिंगो येतात, सगळं पाणी गुलाबी. येताना लोणीची पुष्करणी बघा, कोरीव मंडप आहे. दुसऱ्या दिवशी नीरा-नरसिंहपूर, संगमावर. लोक उगाच केरळ-हिमाचलला जातात."

माझीच वाक्यं. पाणी गुलाबी होतं, हेसुद्धा. माधुरी माझ्याकडे बघून हसली, "बघ, तू म्हणतेस तेच!" मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मी जे जीव तोडून फुकट सांगत आले, ते या माणसाला पाठ होतं आणि त्याच्या तोंडी ते जास्त शोभत होतं.

"कुठला रं तू?" आईनं त्याला विचारलं.

त्याची भाषा झटकन बदलली. "कोऱ्हाळ्याचा, आजी. कोऱ्हाळे बुद्रुक."

"रान हाय का?"

"हाय की. ऊस हाय. भाऊ बघतो."

"मग बरं हाय," आई म्हणाली. मला त्या माणसाचा राग धरायचा होता, पण त्यानं आईसाठी स्वतःची खुर्ची बाहेर काढली, ती सावलीत ठेवली, आणि मला तेही करता येईना.

आम्ही आत फिरलो. गवत कापलेलं होतं. फेब्रुवारीत ते तसंही वाळून सोनेरी झालेलं असतं, आणि वाऱ्यानं वाकलं की सगळा माळ एका बाजूला कलंडल्यासारखा वाटायचा. आता चुन्याच्या फक्क्या, रांगेनं लावलेली पामची रोपं, खडीचा रस्ता. आई माझा दंड धरून चालत होती. दोनदा थांबली. टेकाडाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, पुन्हा चालली.

"टेकाड हितं. म्हंजी पाण्याची वगळ त्या अंगाला. म्हंजी हितंच पायजे," ती म्हणाली. मग त्या माणसाला विचारलं, "हितं पांढुरका खडक हुता, बाबा. त्याला वर खळगा."

"खडक लई हुतं, आजी. समदं फोडलं. ह्या रस्त्याच्या खाली भरलं."

आई पायाखाली बघत राहिली. पांढुरकी खडी, तिच्यावर मुरूम, मुरमावर रोलरचे पट्टे. मला वाटलं, ती आता बसेल, किंवा रडेल. मी तिचा हात घट्ट धरला.

"मग आपुन त्याच्यावरच उभं हाय," ती म्हणाली. "झालं की. घावली जागा."

"आई, ही जागा नाही. नुसता चुरा आहे."

"माझं गुडघं दुखाया लागलं," ती म्हणाली. "चल."

मी तिला खुर्चीकडे नेलं. वळून बघितलं, तर श्रीकांत एका चुन्याच्या चौकटीत उभा राहून माधुरीला हात करून काही दाखवत होता. सूर्योदय कुठून दिसेल, ओसरी कुठं असावी. माधुरी मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर मी ओळखते तो आनंद होता. नोकरीत पहिल्यांदा बढती मिळाली तेव्हाचा. ती माझ्याकडे धावतच आली.

"घ्यायचा म्हणतोय श्रीकांत. खरंच! इतकी शांतता कुठंच नाही बघ. आणि हे तुझ्यामुळे. तू सांगितलं नसतंस, तर आम्हाला कळलं असतं का?"

तिनं मला मिठी मारली. मी मारू दिली. तिचं काय चुकलं होतं? मी बघा म्हणाले होते, तिनं बघितलं. मी सुंदर आहे म्हणाले होते, तिला पटलं.

पाहुणे दुपारीच पुण्याला गेले. जाताना आईनं त्यांना काकवीची बरणी दिली, माधुरीची ओटी भरली, आणि "या म्हणं हिकडं राहाया, शेजार हुईल," असंही म्हणाली. गाडी दिसेनाशी झाल्यावर इतका वेळ कोंडलेलं सगळं मी तिच्यावरच काढलं.

"शेजार होईल? ते तुझा माळ विकत घेतायत, आणि तू त्यांना काकवी देतेस?"

"माझा कवा हुता?"

"मग कुणाचा होता?"

"हुता कुणाचा तरी. आमी चारायचो न् जायचो."

"तुला काहीच वाटलं नाही? तो खडक फोडून रस्त्याखाली घातला, तुला काहीच वाटलं नाही?"

आई ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. उतरतं ऊन उसाच्या तुऱ्यांवर होतं. रस्त्यानं एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला, तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"बाळंत झाल्यावर दुसऱ्या दिशी घोडीवर बसले," ती म्हणाली. "रगात जात हुतं. तवा बी त्या खडकाकडं मागं वळून बघितलं न्हाय म्या. बघून काय केलं असतं? तू जित्ती हुतीस, तुला बघायची का खडकाला?"

यावर मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. मी म्हणाले, "पण मला बघायचा होता." आणि माझा आवाज इतका लहान पोरीसारखा निघाला, की सोपान गोठ्यातून बाहेर डोकावला. आईनं तेलाचा हात माझ्या पाठीवरून फिरवला. ब्लाउजला डाग पडला, तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी कुणाला आमच्याकडे या म्हणणं सोडून दिलं. लोक विचारतात, तुम्ही तिकडच्या ना, काय काय बघण्यासारखं आहे? मी म्हणते, नेटवर सगळं आहे. पण मनातून चिडचिड जात नाही, कारण सांगायची हौसही जात नाही. रस्त्यानं चालताना मी मनातल्या मनात कुणाला तरी सांगत असते: ऑक्टोबरात या, कुसळं यायच्या आधी. पहाटे या. गाडी लांब ठेवा. खाली बसा, उभं राहून काही दिसत नाही. चंडोल वर जातो आणि ठिपका होईपर्यंत गातो, मग गाणं बंद करून दगडासारखा खाली येतो. तो पडताना बघा. मेंढरं गेली असतील तर वास तासभर राहतो. हे सगळं कुठल्या नकाशावर दाखवायचं?

परवा दिवाळीला सणसरला गेले होते. पुढच्या अंगणात आई जोंधळे निवडत होती, मी शेजारी बसले होते, आणि माधुरीचा फोन आला. आईला बोलायला आवडतं, म्हणून मी स्पीकर लावला.

"बंगल्याचा प्लॅन आला गं!" माधुरी म्हणाली. "ओसरी अगदी तुमच्या घरासारखी. आता नावाचं बघतोय. श्रीकांत म्हणतो, काहीतरी तिथलं अस्सल हवं. त्या माळाला तुमच्या लोकांत काही नाव होतं का?"

होतं. माळाकडे परतताना, अजून दोन मुक्काम असताना, वडील ते नाव घ्यायचे आणि घोडीची पावलं भरभर पडायला लागायची. कुठल्या कागदावर ते नाही. ते माहीत असलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक माझ्याशेजारी बसलेलं. सगळं मी जगाला सांगत सुटले होते. हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणून तेवढं राहिलं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "नुसता माळच म्हणायचे."

"असं कसं? काहीतरी असेलच. मावशींना विचार ना."

आईचा हात सुपात थांबला होता. ती कुणाशी खोटं बोलत नाही, आणि माधुरी तिला मनापासून आवडते. मी फोन तिच्यापुढं धरला.

"मावशी, काय म्हणायचा हो तुम्ही त्या माळाला?"

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. फोनवर वाकली आणि शेताच्या पल्याडच्या माणसाला हाक घालावी तशी मोठ्यानं म्हणाली, "माळच की, बाई. माळाला काय नाव असतंय?"

मग सूप पुन्हा मांडीवर ओढून खडे वेचू लागली.